लांब वाक्यात घेतलेला होकार

मंडळी, मी चौथी शिकलेली बाई. चुका काढत बसू नका, आज माझं टाळकं फिरलंय.

होळीच्या आधी आमच्या ह्यांना मेंदूचा झटका आला. डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं, "आजोबांना शब्द कळतात. पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यात धरून ठेवावी लागते ना, ती पकड सैल झालीय. छोटं छोटं बोला." माझा मुलगा सुनील तिथेच उभा होता.

आज दुपारी तोच सुनील गाझियाबादला आमच्याकडे आला आणि एका दमात म्हणाला, "बाबा, आई थकते म्हणून नोएडात मी जे वृद्धांचं सेंटर बघून आलोय, तिथे काही महिने राहायला तुमची हरकत नसेल तर फॉर्म भरून टाकतो, ठीक आहे ना?"

"ठीक आहे," हे म्हणाले.

सुनीलनं लगेच पेन काढलं. "बघ आई, बाबा बिल्कुल तयार आहेत."

"थांब रे शहाण्या," म्हणत मी ह्यांच्यासमोर बसले. "अहो, नोएडात एक सेंटर आहे."

"हं."

"तुम्ही तिथे राहायचं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"मी इथेच."

"नाही," हे म्हणाले. "नाही, नाही."

"कशाला घाबरवतेस त्यांना?" सुनील माझ्यावरच खेकसला.

"घाबरवलं नाही, कळवलं," मी म्हटलं आणि फॉर्म फाडला.

मी थकते, हे खरं आहे. पण ते मला कोणी विचारलंच नाही.

तुमच्याही घरात कोणाकडून असा होकार घेतला असेल, तर आज पुन्हा विचारा. तीन-तीन शब्दांत. आहे हिंमत?