हात न लावण्याचा नियम

दरवर्षी चवथीला पेडण्याहून एका मुलीचा मेसेज येतो. माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीचा फोटो, आणि खाली, ‘ताई, गोगलगायी बऱ्या आसत मा?’ मी लिहिते, ‘बऱ्या आहेत.’ मग फोन पालथा घालून ठेवते.

पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत मी समुद्री गोगलगायी सांभाळते. शंख नसलेल्या, तळहाताएवढ्या, तपकिरी, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. त्यांच्या मेंदूतल्या पेशी फार मोठ्या असतात, म्हणून स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे लोक त्यांच्यावर जीव टाकतात. शेवटी चिरतातही, पण ते असो.

ती मुलगी तिथे पीएच.डी. करत होती. पेडण्यातल्या किराणा दुकानदाराची लेक, घरातून एवढं शिकणारी पहिलीच. तिचं काम सांगायला सोपं होतं. गोगलगायीच्या पाठीवर एक नळी असते. त्या नळीला कुंचला लागला की गोगलगाय घाबरून कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा लागला आणि वाईट काही झालं नाही, की तिला सवय होते आणि ती ओढायचं सोडते. ही सवय तिच्या किती दिवस लक्षात राहते, ते मोजायचं. त्यासाठी गोगलगाय कोरी हवी. प्रयोगाआधी तिला कुणीही हात लावायचा नाही. तसा कागद टाकीवर चिकटवलेला होता. मीच चिकटवला होता.

मी नार्वे गावची. आमच्या घरी गुरांच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय चारा घालत नाहीत. "आदी हात लाय, मगे चारो घाल," असं आई सांगायची. न गोंजारता घातलेला चारा जनावराच्या अंगी लागत नाही, असं ती मानायची. मी सकाळ-संध्याकाळ टाकीत शेवाळ सोडायचे आणि माझा हात आपसूक पाण्यात जायचा. एकेकीच्या पाठीवरून, नळीवरून, चार-पाच वेळा. पहिल्या दिवशी त्या आखडायच्या. आठवडाभरात निवांत व्हायच्या. मला वाटायचं, ओळखायला लागल्या मला! नियम परक्या हातांसाठी असतो, असं मी मूर्खासारखी धरून चालले होते.

प्रयोगात मात्र मुलीच्या गोगलगायी पहिल्याच स्पर्शाला ढिम्म. आमचे सर म्हणाले, तुला कुंचला धरता येत नाही. तिने कुंचले बदलले. मनगट टेकायला लाकडाचा ठोकळा करून आणला. श्वास रोखून काम करायची, पोरगी लालबुंद व्हायची, तरी ढिम्म. असं वर्षभर चाललं. मी तिला चहा नेऊन द्यायचे आणि म्हणायचे, "जातला गो बाय, धीर धर."

मग चवथ आली. मी गावी निघाले त्याच दिवशी नव्या गोगलगायी आल्या. आठ दिवस राखणदाराने लांबूनच, चिमट्याने शेवाळ टाकलं. मी परतले तेव्हा मुलगी व्हरांड्यात अक्षरशः नाचत होती. "ताई, हलल्यो गो! सगळ्यो हलल्यो!"

तिथेच, पिशवी खांद्यावर असतानाच, मला सगळं कळलं. या गोगलगायींना माझा हात लागलेला नव्हता.

सांगायचं म्हणून मी सरांच्या दारापर्यंत गेले. आत ते तिला म्हणत होते, "लक्ष दिलंस की जमतं. म्हणजे आधीचा सगळा तुझा निष्काळजीपणा." माझं कंत्राट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं. मी माघारी फिरले. उद्यापासून हात लावायचा नाही, मग आपोआप सगळं सुरळीत होईल, अशी मनाची समजूत घातली. भित्रेपणा केला, दुसरं काही नाही.

हात लावणं मी थांबवलं. पण सरांनी तिच्या आधीच्या नोंदी बाद केल्या आणि तेवढ्यात तिची मुदत संपली. काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेलं. त्याच्या गोगलगायी पहिल्या दिवसापासून व्यवस्थित कल्ले ओढू लागल्या. "हात चांगला आहे याचा," सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. ती मी का डोलावली, हे मला अजून स्वतःलाच विचारवत नाही. मुलगी आता पेडण्यात शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते.

शेवटच्या दिवशी ती किल्ल्या परत द्यायला आली. कोपऱ्यातल्या टाकीत चवथीआधीच्या जुन्यांपैकी एकच उरली होती, माझी लाडकी. मुलगी त्या गोगलगायीकडे बघत राहिली. "ताई, सगळा कुंचल्यानच केलंय. एकदा हातान बघू?"

"बघ," मी म्हटलं.

तिने बाही वर केली आणि एक बोट अलगद नळीवर ठेवलं. गोगलगाय शेवाळ खात राहिली. मुलीने पुन्हा बोट टेकवलं. मग पुन्हा. तिचे डोळे भरून आले.

"बघलंस गो? माझ्या हाताक हलणाच नाय. माझोच हात वायट."

ती गोगलगाय माझ्या हाताला सरावलेली होती. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं, आणि खोलीत आम्ही दोघीच होतो.

"पाच वाजले," मी म्हटलं. "बस चुकतली तुझी." आणि हात पुसायला तिला टॉवेल दिला.