बांगड्या भरता भरता

"मॅडम, गाडी आजपण रिकामीच आली. बंद करू या आता."

डॉक्टर मला म्हणाले. ते छातीरोगतज्ज्ञ, मी त्यांच्या विभागातली समुपदेशक. नांदेडच्या आमच्या दवाखान्यातून उमरीला आठवड्यातून दोनदा गाडी जायची. लोकांना आणायचं, फुफ्फुसाचा सीटी स्कॅन करायचा, परत सोडायचं. हा स्कॅन कमी डोसचा, म्हणजे किरणं कमी. खोकला सुरू व्हायच्या आधीच बारीक गाठ दिसते. पण तो सगळ्यांचा करत नाहीत. वय पन्नाशीच्या पुढं आणि बरीच वर्षं विडी-सिगारेट, अशांचाच.

सुरुवातीला पुरुष आले, मग तेही थांबले. बायका तर फॉर्मवरच बाद व्हायच्या. "विडी ओढता का?" प्रत्येकीचं उत्तर एकच, "न्हाई."

"एक आठवडा द्या," मी म्हणाले. डॉक्टरांनी दिला.

दुसऱ्या दिवशी उमरीत एका अंगणात मी फॉर्म भरत होते. शेजारी शहनाज आपा बांगड्या भरत होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, आईपासून चालत आलेला धंदा. मोहल्ल्यातल्या घरांत जायच्या तशाच खेड्यांवरच्या शेतकऱ्यांच्या घरांतही. मराठी, दखनी आणि कामापुरती तेलुगू, तिन्ही यायच्या. माझं काम त्या बराच वेळ बघत होत्या.

"मॅडम, सासूला सुनेसमोर इचारून राहिल्या तुम्ही. कोण हाव म्हणंल?"

"म्हणजे बायका ओढतात?"

"हात माझ्या हातात असतेत. पिवळी पडलेली बोटं दिसतेत की मला."

मी लगेच पेन उघडलं. "नावं सांगा, आपा."

"नावं न्हाई सांगायची. माझ्यासंगं बसा. तुमचं तुम्ही इचारा."

तीन दिवस मी त्यांच्या टोपलीशेजारी बसले. बांगड्या भरताना पुरुष आसपास थांबत नाहीत, हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. आपा माझी ओळख करून द्यायच्या, "ह्या मॅडम छातीचा फोटो काढून देतेत." मग बाई पन्नाशीच्या पुढची असली की सुनांना दुसरीकडं बसवून हात भरायला घ्यायच्या आणि आम्हा दोघींना सोडून पाणी प्यायला उठायच्या. प्रत्येक वेळी. बाई काय बोलेल ते आपल्या कानावर पडू नये म्हणून.

सखरबाई एका शेतकरी घरातल्या, साठीच्या. खाली बघत म्हणाल्या, "चुट्टा ओढते. लई वर्सं झाली. पोराला ठावं न्हाई." चुट्टा म्हणजे तंबाखूचं पान वळून केलेली जाड विडी. तेलंगणाच्या बाजूला पूर्वी बायकाही सर्रास ओढायच्या.

शुक्रवारी गाडीत सात बायका होत्या. चार मोहल्ल्यातल्या, तीन खेड्यांवरच्या. डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले. चौघींचे स्कॅन साफ. दोघींना टीबीचे जुने डाग, घाबरण्यासारखं काही नाही. सखरबाईंना उजव्या फुफ्फुसात लहानशी गाठ. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. पण पसरलेला नव्हता.

ऑपरेशनसाठी घरी सांगणं भाग होतं. "चुट्ट्याचं तेवढं बोलू नका," सखरबाईंनी माझा हात धरला. मी शब्द दिला.

मुलगा आला, रिपोर्ट हातात धरून बसला. "आमची माय तर काहीच ओढत न्हाई, मॅडम. तिला कसा काय?"

मी त्याला रिपोर्टमधली गाठ दाखवू लागले. शेवटी सखरबाईच म्हणाल्या, "ओढते रं. लपून."

मुलानं डोळे पुसले. "गोठ्यात वास यायचा, माय. मला कळत न्हवतं व्हय? तुला लाज वाटंल म्हणून बोललो न्हाई."

ऑपरेशन नीट झालं. सखरबाई आता दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात. चुट्टा सुटलाय असं म्हणतात, आणि मुलगा मागून मान हलवून दुजोरा देतो.

उमरीची गाडी चालू राहिली. डॉक्टरांनी आपांना दवाखान्यात बोलावलं. आम्हा सगळ्यांना, शिकलेल्या माणसांना, आपांनी बाईशी कसं बोलायचं ते सांगितलं. मी आभार मानले, तर म्हणाल्या, "म्या काय केलं? उठून बाहेर गेले निस्ती."

आमच्याकडे आता प्रत्येक बाईला एकटीला बसवून विचारतात. फॉर्म भरायला दुप्पट वेळ लागतो. उत्तरं मात्र खरी येतात.