गुलाबी झाडं दुकानात परत जाणार

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

गेल्या आठवड्यात फिशटँकसाठी मी क्रिप्टोकोरिनची दोन रोपं आणली होती. हे पाण्यात वाढणारं खरं झाड. आणल्यावर त्याची सगळी पानं विरघळली. आज चेन्नईतल्या अंबत्तूरच्या ऑफिसातून घरी आले, तर टँकमध्ये गुलाबी प्लास्टिकची झाडं आणि माझी रोपं कचऱ्याच्या डब्यात.

"मेली होती ती," नवरा म्हणाला. "उद्या माझे साहेब जेवायला येतायत. बरं दिसत नाही."

मी रोपं डब्यातून काढून टँकच्याच पाण्यात धुतली. मुळं पांढरी आणि चांगली टणक होती.

"पाणी बदललं की हे झाड जुनी पानं टाकतं आणि मुळातून नवी काढतं," मी म्हणाले. "बदली होऊन चेन्नईत आलास तेव्हा तू तरी कुठे टवटवीत होतास? तोंड पाडून दहीभात गिळायचास. तुला टाकलं का मी डब्यात?"

गुलाबी झाडं मी पिशवीत भरली आणि माझी बोडकी रोपं पुन्हा वाळूत रोवली. उद्या साहेबांना तीच दिसतील.

पाहुणे येणार म्हणून तुमच्या घरातून कुठली जिवंत गोष्ट हलवली जाते?