सोंगाची आतली बाजू

"वहिनी, दादा गेला," यांचे चुलतभाऊ, काळू भाऊजी फोनवर म्हणाले. मी विचारलं, "कुणाकडं गेला?" नवऱ्याच्या मरणाची बातमी आली तेव्हा माझ्या तोंडून हेच निघालं, आणि पाच आठवडे झाले तरी ते मला गिळता येत नाही. पण मी तरी काय करणार! शनिवार होता, सातपूरच्या कंपनीला सुट्टी. हे सकाळी पिशवी घेऊन, पंचवटीत मित्राकडे जातो म्हणून निघाले होते. आणि फोन आला पेठहून, आमच्या गावाकडच्या तालुक्याहून. स्टँडच्या बाकड्यावर बसले होते, पिशवी मांडीवर, न्यायला आलेल्या भाऊजींना आधी वाटलं, यांना डुलकी लागलीय. हे ऐकून रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, मला न सांगता पेठला कशाला गेले होते? कोण आहे तिथे?

संशय हा माझा जुना सोबती. मी फार बोलत नाही. चारचौघांत गेले की पदर सावरत मागे उभी राहते. न बोलणाऱ्या माणसाचं मन गप्प बसतं असं नाही, ते नुसतं मोजत राहतं, कोण किती वाजता आलं, कोणाच्या शर्टाला कसला वास आला. यांच्या शर्टाला खळीचा वास यायचा. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ. गॅलरीत मातीचं तोंड घडवायचे, त्यावर कागदाचे तुकडे एकावर एक चिकटवायचे, वाळलं की माती काढायची आणि रंगवायचं. आमच्या गावी बोहाडा होतो, देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून नाचतात. त्या मुखवट्याला आम्ही सोंगच म्हणतो. कोणत्या घराने कोणतं सोंग नाचवायचं तेही ठरलेलं, बापाकडून मुलाकडे येतं. गावात सोंग म्हणजे मान. शहरात मात्र ती शिवी झाली. एकदा यांची पाठ धरली होती तर सुपरवायझर म्हणाला, "सोंगं करू नको, खोकी उचल." हे घरी येऊन हसत सुटले. "त्याला वाटतं सोंग करणं सोपं असतं!"

घरात भिंतीवर ओळीने खिळे आणि खिळ्यांवर सोंगं. एकदा एक दुकानदार आला, सगळी घेतो म्हणाला. यांनी विचारलं, "घालणार कोण?" तो म्हणाला, "घालायची नाहीत हो, भिंतीवर लावायची." "भिंतीला डोळे असतात का?" हे म्हणाले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. तो गेल्यावर मी भांडले. म्हटलं, विकायची नाहीत तर करता कशाला? म्हणाले, "हात शिवशिवतात." हे उत्तर मला कधी पटलं नाही. माणूस फुकट काही करत नाही, निदान मी तरी तसा पाहिलेला नाही. मला वाटायचं, कंपनीत हे नुसते हेल्पर, कुणी नावाने हाक मारत नाही, म्हणून इथे देव घडवून मोठेपणा घेतात. मग वाटायचं, माझ्याशी बोलायला नको म्हणून गॅलरीत बसतात. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पंचवटीतून येताना हातात एक नारळ असायचा. देवळात मिळाला म्हणायचे. इतका देव देव करणारा माणूस हा नव्हे. त्या नारळांची चटणी वाटताना मी मनात एका बाईचं तोंड घडवत असे... खळ न लावता, माती न घेता, पण रोज थोडं थोडं.

मी चौथीपर्यंत शिकले, गावात शाळा तेवढीच होती. पोळ्या लाटून झाल्या की मी वहीत काहीबाही लिहिते. कुणाला दाखवायला नाही. तांदळाच्या डब्याखाली वही ठेवायची आणि वर डबा. दिवाळीत ती वही गेली. मुलाला विचारलं, त्याला ठाऊक नाही. यांना विचारलं तर सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "कसली वही?" हे सरळ बघून बोलले की मला हमखास संशय यायचा. पण वही होती हेच कबूल करायची लाज, तर चोरी कशी सांगणार? त्याच दिवसांत गॅलरीत नवं सोंग वाळत होतं. त्राटिका. मोठे डोळे, जबडा उघडा, दात बाहेर. मी म्हटलं, "ही माझ्यावर बेतली काय?" म्हणाले, "छे! तू कुठं एवढं तोंड उघडतेस?"

दहाव्याला भाऊजींनी ती पिशवी आणून दिली. आत त्राटिका. त्राटिकेचं सोंग भाऊजींच्या घराचं, जुनं उंदरांनी खाल्लं होतं. "दादा शनिवारचा येयाचा ना," ते म्हणाले, "कधी नवं आणी, कधी जुन्याला रंग मारी." मी विचारलं, "आणि तुम्ही काय द्यायचे?" "देणार काय? नारळ, सुपारी. रीत हाय ती." मी म्हटलं, "मग यांनी मला का सांगितलं नाही?" भाऊजी खाली बघून हसले. "तो म्हणे, तिला सांगितलं तं ती विचारील कशाला करता. आन त्याचं उत्तर मला येत नाय." म्हणजे इतकी वर्षं मी ज्या बाईचे नारळ वाटले, ती बाई म्हणजे आमचंच गाव. तरी मी ताडून पाहिलं, भाऊजी सरळ बघून बोलतायत का.

गेल्या आठवड्यात एक मॅडम आल्या, गंगापूर धरणाकडे कुणाचं मोठं हॉटेल होतंय, तिथल्या भिंतीसाठी सोंगं बघायला. मुलानेच बोलावलं होतं. "आई, इथं धूळ खातायत. निदान लोक बघतील तरी." मॅडम गोड होत्या. "काकू, एवढी कला, आणि बाबांनी लपवून ठेवली?" म्हणाल्या. लपवून या शब्दाने मी दचकले. त्यांनी त्राटिका हातात घेतली, वजन पाहिलं, उलटी केली आणि म्हणाल्या, "अय्या, आत काहीतरी लिहिलंय." मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या हातातून वस्तू हिसकावली.

माझं अक्षर होतं. कागदाचा पहिला थर नुसत्या पाण्याने लावतात, नाहीतर तो मातीवरून सुटत नाही. तोच शेवटी आतली बाजू होतो, नाचणाऱ्याच्या तोंडाला लागणारी. त्या थरात माझी वही होती. कपाळाच्या आत: आज पण उशिरा आले, विचारलं नाही. डाव्या डोळ्याशेजारी: भाजी खारट झाली, हे काही बोलले नाहीत. जबड्यात, दातांच्या मागे: पंचवटीत कोण आहे... मी दार लावून सगळं वाचलं. बाकीच्या सोंगांत पेपरचे तुकडे कसेही फाडलेले आहेत, अर्धं अक्षर इकडे, अर्धं तिकडे. हिच्यात एकही ओळ तुटलेली नव्हती. वाचून, जपून फाडलं म्हणायचं? की एकरेघी वहीचा कागद रेघेवर सरळ फाटतो, एवढंच? एकदा वाटतं, माझा सगळा संशय वाचून त्यांनी तो असा ठेवला, की घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल आणि बघणाऱ्याला कधी दिसणार नाही. एकदा वाटतं, रद्दी कमी पडली. विचारायला माणूस नाही, आणि होता तेव्हाही सरळ बघून म्हणाला असता, कसली वही?

हॉटेलात दिली असती तर माझी लाज कायमची भिंतीकडे तोंड करून राहिली असती. सोपं होतं. गावाला दिली तर भाऊजी आत तोंड घालणार, आणि त्यांना वाचता येतं. मी खळ शिजवायला घेतली, त्या अक्षरांवर एक कोरा थर लावून टाकावा म्हणून. वास घरभर पसरला. मुलगा दारात आला, मला बघून तसाच उभा राहिला. मी पातेलं उतरवलं. मग मला त्या मॅडमचा 'लपवून ठेवली?' हा प्रश्न आठवला आणि स्वतःलाच विचारावासा वाटला. मी तरी कुणासाठी लिहीत होते, डब्याखाली? तेही मला सांगता आलं नाही. हात शिवशिवतात, हेच तोंडावर आलं, आणि मला माझाच संशय आला.

थर न लावताच मी त्राटिका भाऊजींना दिली. मॅडमना मुलाने फोन करून नाही म्हणून कळवलं, तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भाऊजींनी इथेच, खोलीच्या मध्यभागी उभं राहून ती घालून पाहिली. बराच वेळ काढेनात. मी पदराचं टोक चावत उभी. शेवटी आतून आवाज आला, "वहिनी, बरोबर बसतंय." एवढंच. काढल्यावर त्यांनी पिशवीतून नारळ आणि सुपारी काढली आणि माझ्या हातात ठेवली. आजवर ती माझ्या हातात कुणी दिली नव्हती.

त्राटिकेचा खिळा रिकामा आहे. मी नवी वही आणली आहे, हे त्यातच लिहिते आहे. ती डब्याखाली ठेवत नाही. गॅलरीत त्यांच्या रद्दीचा गठ्ठा अजून तसाच आहे, त्याच्यावर ठेवते, उघडी. आणि सकाळी उठले की चहाच्या आधी जाऊन बघते, हलली आहे का.