मावशींच्या समोर वाघ

जंगलाच्या फाटकासमोरच्या गल्लीत शिंपीणमावशींचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक टेबल आणि भिंतीला टांगलेले खाकी शर्ट. सफारीच्या झाडून सगळ्या जीपचालकांचे शर्ट मावशीच शिवायच्या. लांब्याची बाही चार बोटं जास्त, ढेरपोट्याची बटणं दुहेरी दोऱ्याची, हे सगळं त्यांना तोंडपाठ. वाघ मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. "माझे शर्ट जातात ना रोज आत, तेवढं पुरे," असं म्हणायच्या. ही शुद्ध बतावणी होती. वाघाच्या गप्पा निघाल्या की त्यांचं मशीन आपोआप थांबायचं.

मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं तेवढं उरलं, तेही आक्रसत चाललं होतं. "जे बघायचंय ते बघून घ्या," डॉक्टर म्हणाले. माणसाने इतकं तोंडावर बोलू नये, पण बोलले. ते चालक लांब्याच्या कानावर गेलं आणि एका सकाळी त्याने जीप दुकानासमोर आणून उभी केली.

"चला मावशी, वाघ बघायला. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. नाही म्हणायचं नाही."

सूनही बरोबर निघाली. "आई, आज तरी सुई घरी ठेवा," ती म्हणाली. मावशींनी हो हो केलं आणि दोरा ओवलेली सुई कॉलरच्या आत खोचली.

आत एका वळणाआधी वानर खेकसलं. लांब्याने इंजिन बंद केलं. "इथंच आहे. गप्प बसा." गप्प बसणं आलं, म्हणजे हात रिकामे आले. मावशींच्या बोटांना सीटची उसवलेली शिवण लागली. उसवलेलं तसंच सोडायचं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि टाके घालायला सुरुवात केली. तेवढ्यात बाजूच्या झुडपातून वाघ आला, जीपसमोरून रस्ता ओलांडून वळणाआड गेला. सुनेची दातखिळीच बसली होती.

"दिसला ना मावशी?" लांब्याने वळून विचारलं.

"काय?" हातात सुई तशीच.

मग त्यांना कळलं. "गाठ मारत होते रे," एवढंच म्हणाल्या आणि डोळे भरून आले.

लांब्याने जीप वळणापलीकडे नेली. वाघ तळ्यात बसला होता, पण काठावर जीपांची ही गर्दी! वाघ दिसत असताना कोणी जागा सोडत नाही. सोडली तर जीपमधल्या पाहुण्यांची बोलणी खावी लागतात. सगळ्यात मागून मावशींना दिसत होतं फक्त पुढच्या जीपचं मागचं चाक.

त्या जीपवर ढेरपोट्या होता. लांब्या हलक्या आवाजात म्हणाला, "मावशींना दिसला नाही. शिवत बसल्या होत्या."

ढेरपोट्याने कपाळावर हात मारला. त्याचे पाहुणे कुरकुरले, तरी त्याने जीप बाजूला घेतली. त्याने पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. एकेक जीप बाजूला सरकली आणि मधे वाट मोकळी झाली. लांब्या हळूहळू पुढे गेला आणि वाघ नेमका मावशींच्या नाकासमोर येईल अशी त्याने जीप लावली.

वाघाने तोंड वर केलं. मावशींनी सुई खोचून ठेवली आणि बघत राहिल्या.

"कपाळावरचे पट्टे डावे-उजवे जुळत नाहीत गं," त्या सुनेला कुजबुजल्या. "पण शर्ट बसलाय कसा फक्कड अंगावर!"

बऱ्याच वेळाने वाघ उठला आणि पाणी निथळत रानात शिरला.

"लांब्या, बाजूला कोण कोण आहेत रे?"

"सगळेच आहेत, मावशी."

मावशी जीपची दांडी धरून उभ्या राहिल्या. दोन्हीकडचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी आधी डावीकडे हात उंचावला, मग उजवीकडे.

"दिसला रे पोरांनो," त्या म्हणाल्या. "पोटभर दिसला."