बाजूला काढलेल्या कॅसेटी

आमच्या पंक बँडची तालीम एका संघटनेच्या शाखेत चालायची. आता सांगताना माझं मलाच हसू येतं, पण खरं तेच आहे. गंगापूर रोडला घरात ड्रम वाजवले की शेजारी दारात हजर. आमच्या ड्रमरचे मामा शाखाप्रमुख होते आणि दुपारी त्यांची खोली रिकामी असायची. आम्ही बूट दाराबाहेर काढायचो. ड्रमर घरच्या मळ्यातल्या झेंडूचा हार भिंतीवरच्या नेत्याच्या फोटोला घालायचा. मग त्याच फोटोखाली मी गिटार बडवत ओरडायचो, ‘कुणाचं ऐकू नका!’ गाणं माझंच होतं. बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी.

भांडणं रोजची. तो म्हणायचा, पंक म्हणजे मोठ्यांना नडायचं, शाखा पण तेच करते. मी म्हणायचो, शाखा लहान माणसांनाच नडते. दुसऱ्या दिवशी दोघंही हजर असायचो, कारण ड्रम त्याचे होते आणि खोली त्याच्या मामांची.

गाणी मिळायची ती कॉलेज रोडवरच्या एका ग्रीटिंग कार्डांच्या दुकानात. दुकानदारांचा पुतण्या परदेशातून कॅसेटी पाठवायचा. मी कोऱ्या कॅसेटी ठेवून यायचो, ते त्यावर गाणी भरून द्यायचे आणि वर वळणदार अक्षरात नावंही लिहायचे. त्यांना स्वतःला ते संगीत मुळीच सहन व्हायचं नाही. “काय रे हा गोंगाट,” म्हणायचे आणि कॅसेट उलटून दुसरी बाजू भरायला लावायचे.

एका फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या दिवशी, शाखेने ते दुकान फोडलं. कार्डं रस्त्यावर जाळली. मला दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात कळलं. संध्याकाळी ड्रमर घरी आला तो हातात बुटांचं खोकं घेऊन.

“तू होतास तिथे?”

“होतो ना. मामा म्हणला चल, मग नाय कसं म्हणणार?” त्याने खोकं पुढे केलं. “तुझ्या कॅसेटी काउंटरखाली होत्या. लय शोधल्या. आधी त्या बाजूला काढल्या, मगच काच फोडली.”

त्याला वाटलं मी खूश होईन. लाज वाटते, पण मी झालो. सगळ्या भरून तयार होत्या, प्रत्येकीवर ते वळणदार अक्षर. त्याला तिथल्या तिथे हाकलायला हवं होतं. पण चार दिवसांवर कॉलेजचं गॅदरिंग होतं, आमचा पहिलाच कार्यक्रम. मी एवढंच म्हणालो, “उद्या तालमीला वेळेवर ये.”

गॅदरिंगला त्याने जीव तोडून वाजवलं. ‘कुणाचं ऐकू नका’वर पोरं बाकांवर चढून नाचली. त्यानंतर मी त्याच्याशी भांडलोच नाही. कोणत्या तोंडाने भांडणार? बोलणं कमी होत गेलं, बँड आपोआप मोडला. पुढे तो मामांच्या खुर्चीवर बसला.

बऱ्याच वर्षांनी त्या दुकानात मोबाइलचं रिचार्ज करायला गेलो. काउंटरमागे तेच दुकानदार. केस पिकले होते, तरी त्यांनी मला लगेच ओळखलं.

“तुझ्या कॅसेटी तेवढ्या गेल्या रे त्या गोंधळात,” ते म्हणाले. “तू विश्वासाने ठेवल्या होत्यास. फार वाईट वाटलं होतं मला. राहून गेलं बघ सांगायचं.”

खोकं घरी माझ्या कपाटात होतं.

“असू द्या काका,” मी म्हणालो.