लॅबकडून वॉर्डाकडे, तपासूनच

हॉस्पिटलात त्यांना तोंडावर "बाई" म्हणतात आणि पाठीमागे "जकातनाका". बाईंना दोन्ही ऐकू येतं. एकोणीस वर्षं त्या याच इमारतीत टेलिफोन ऑपरेटर होत्या, त्यामुळे कान तयार आहेत. टेलिफोनचा बोर्ड मोडीत निघाला तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. रिसेप्शनवर बसून हसायचं, नाहीतर नवं काहीतरी शिकायचं. हसण्यात बाई पहिल्यापासून कच्च्या. म्हणून मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आणि आई नेटवर्किंगच्या परीक्षेला, अशा दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसल्या. मुलीला आईपेक्षा चार मार्क कमी पडले. ते ती अजून ऐकून घेते.

"तू नेमकं करतेस काय गं?" सासूबाई अधूनमधून विचारतात.

"दारं राखते, आई."

"गेटवर वॉचमन आहे ना?"

"तो माणसं अडवतो. मी कॉम्प्युटरमधून काय येतं-जातं ते बघते."

"म्हणजे चोंबडेपणा."

"हो, पण पगारी."

बाईंच्या खोलीत एक फायरवॉल आहे, कॉम्प्युटरमधलं येणं-जाणं तपासणारी पेटी. पेटी एकच, पण एका घरात तीन बिऱ्हाडं नांदावीत तसे तिच्या आत तीन भाग केलेत. त्यांना व्हर्च्युअल डोमेन म्हणतात. एक लॅबचं, एक वॉर्डांचं, एक पाहुण्यांच्या वायफायचं. प्रत्येकाचे नियम वेगळे, वाटा वेगळ्या, आणि एकाच्या घरातलं दुसऱ्याला दिसत नाही. फक्त लॅब आणि वॉर्ड यांच्यामध्ये एक आतली जोडणी आहे. रक्ताचे रिपोर्ट तिथून जातात, आणि जाताना त्यांची पिशवी उघडून तपासली जाते.

लॅबचं जुनं मशीन दोन आठवडे बंद होतं. त्या मंगळवारी सकाळी नवं सुरू झालं, आणि एकही रिपोर्ट वॉर्डात पोचेना. वॉर्डबॉय मामा कागद घेऊन जिने चढू-उतरू लागले. अकराला मोठे डॉक्टर स्वतः बाईंच्या दारात उभे.

"दोन वाजेपर्यंत वेळ आहे तुम्हाला. आयसीयू रिपोर्टांसाठी खोळंबलाय. नाही जमलं तर लॅब आणि वॉर्डच्या मधलं सगळं मोकळं सोडायचं. तपासणी नको, नियम नकोत, काही नको."

"डॉक्टर, मशीन नवं असलं तरी त्याच्या आतलं सॉफ्टवेअर जुनाट आहे. कंपनीची माणसं बाहेरून त्याला जोडून घेतात. त्यात काही शिरलं आणि मधे दार उघडं असलं, तर थेट सलाइनच्या पंपांपर्यंत जाईल. साथीचा पेशंट तुम्ही आयसीयूत मोकळा फिरवाल का?"

"मला माझीच भाषा शिकवू नका. दोन वाजता!"

बाईंनी लॅबच्या डोमेनमध्ये पाहिलं. प्रत्येक रिपोर्टापुढे स्वच्छ नोंद होती: जाऊ दिलं. त्यांनी पलीकडच्या खोलीतल्या सर्व्हरवाल्याला हाक मारली.

"माझ्याकडून गेलंय रे. तुझा वॉर्डांचा सर्व्हर घोरतोय."

"बाई, माझ्यापर्यंत काही आलेलंच नाही. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ नको, नोंदी आण."

त्याने आणल्या. कोऱ्या करकरीत. तोवर पाऊण वाजला होता. लॅबच्या मॅडमचा फोन चौथ्यांदा वाजला, "अहो, माझं मशीन बिचारं ओरडून ओरडून पाठवतंय!"

"टाका ना उघडून, बाई," सर्व्हरवाला म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. कशाला जिवाला घोर?"

"उघडायला दोनच मिनिटं लागतात. पण तात्पुरतं म्हणून उघडलेलं दार पुन्हा कुणी लावलेलं पाहिलंयस तू? सरक."

मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते बाईंनी तेव्हा केलं. वॉर्डच्या डोमेनमध्ये शिरून त्या बाजूने बघत बसल्या. लॅबने जाऊ दिलं म्हणजे वॉर्डने घेतलं असं थोडंच असतं? एकाकडचे हो म्हणाले म्हणून सोयरीक जुळत नाही.

"मॅडम, एकच रिपोर्ट पाठवा. आत्ता."

रिपोर्ट वॉर्डच्या दारात आला, आणि तिथेच टाकून दिला गेला. कारण दिलं होतं: परतीची वाट नाही. ही पेटी संशयी असते. आलेल्याला त्याच दाराने परत कसं पाठवायचं हे तिला ठाऊक नसेल, तर ती त्याला भामटा समजून आत घेतच नाही.

"पण लॅबकडे जायची वाट होती ना इथे?" सर्व्हरवाला पडद्यावर वाकला. "गेली कुठे?"

बाईंनी बदलांची नोंद उघडली.

"मी काढली. गेल्या गुरुवारी पसारा आवरताना. आठवडाभर त्या वाटेने काही गेलं नव्हतं, म्हटलं अडगळ आहे."

मशीन बंद होतं म्हणून वाट रिकामी होती. बिऱ्हाडकरू गावाला गेला म्हणून त्याचा जिनाच पाडून टाकावा, तसं झालं होतं.

सर्व्हरवाल्याने आवाज उतरवला. "वाट घाला आणि सुरू झालं म्हणा. पेटीची लहर! कुणाला काय कळतंय?"

"पेटीला लहर नसते. आणि पेटी लहरी आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर ते उद्याच ती बाजूला काढतील."

बाईंनी एक ओळ लिहिली: लॅबकडे जायचं तर या जोडणीने. मॅडमनी पुन्हा पाठवलं. रिपोर्ट आला, तपासला गेला, वॉर्डात उमटला. सव्वा वाजला होता. बाई तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"सुरू झालं. चूक माझी होती."

"म्हणजे सगळी सकाळ तुमच्यामुळे गेली?"

"हो."

"मग तर उघडंच ठेवा! नियमच नसले की चुका कुठून होणार?"

"नाही, डॉक्टर. राखणारी चुकली, दार नाही. लक्ष ठेवायचं तर माझ्यावर ठेवा." बाईंनी हाताने लिहिलेला कागद पुढे केला. यापुढे कुठल्याही डोमेनमधली वाट किंवा नियम काढायचा तर दोन माणसं लागतील. एकाने काढायचं, दुसऱ्याने पलीकडच्या बाजूने बघायचं. बाईंचा एकटीचा पासवर्ड पुरणार नाही.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दुसरा माणूस म्हणजे तो सर्व्हरवाला? छळेल तुम्हाला."

"छळू दे. त्यासाठीच निवडलाय."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर सगळं मोकळं सोडायचा हुकूम लेखी द्या. माझ्या हाताने मी ते करणार नाही."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, कागद पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. "महिनाभर बघतो," ते म्हणाले.

त्या गुरुवारी बाईंनी आणखी सहा वाटा काढल्या होत्या. सही झाली त्याच दुपारी सर्व्हरवाला खुर्ची ओढून शेजारी बसला. पहिल्या दोन खरंच मेलेल्या निघाल्या. तिसरीवर त्याने बोट ठेवलं.

"ही का काढलीत?"

बाईंनी आठवून पाहिलं. आठवेना.

"मग परत घाला."

बाईंनी घातली, आणि चौथी उघडली.